कुंकवावर बसवलेला बेल्ट

नव्वदच्या दशकात पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत एक मेकॅनिक होता. त्याचं पोट गॅरेजात आधी शिरायचं, तो स्वतः चहा पिऊन मागाहून यायचा. दुसऱ्या दिवशी भावाला नवरदेव म्हणून देवनहळ्ळीला न्यायचं होतं, म्हणून मी गाडीचा टायमिंग बेल्ट बदलायला त्याच्याकडे गेलो.

बेल्ट चढवताना इंजिनातल्या दातेरी चाकांवरच्या खुणा जुळवायच्या असतात. त्या चुकल्या तर इंजिन आतून स्वतःलाच ठोसे मारतं. या महाशयांनी आधी इंजिनाची पूजा केली आणि कुंकू थापलं ते नेमकं खुणांवर. मग कुंकवाला कुंकू जुळवून बेल्ट बसवला.

"अहो, खुणा बघा की!"

"अण्णा, स्वल्प भक्ती ठेवा. देवापेक्षा कंपनी मोठी काय?"

टायरखाली चिरडायला लिंबू ठेवून त्यानं चावी फिरवली. असा खणखणाट झाला की येलहंक्याच्या हवाई तळाची विमानं घाबरून खाली उतरली असतील. गाडी लिंबापर्यंतसुद्धा पोचली नाही. माझ्या डोळ्यांसमोर मुंडावळ्या सांभाळत बसच्या दांडीला लोंबकळणारा नवरदेव उभा राहिला.

मेकॅनिकनं वाकून आत पाहिलं. "इंजिन गेलं अण्णा. पण बेल्ट बघा, ओरखडासुद्धा नाही!"

आणि टायरखालचं ते धडधाकट लिंबू त्यानं सरबतासाठी खिशात घातलं.