सावंतकाकांच्या दहा गोळ्या

“लग्न एकीशी लागलंय आणि डबा येतोय दुसरीचा.”

लंडनजवळच्या वॉटफर्डच्या पलीकडे एका छोट्या गावातलं बंदुकांचं दुकान. काउंटरशी पाठमोरा उभा असलेला एक ठेंगणा म्हातारा हे स्वतःशीच पुटपुटला. मी दाराशी छत्री मिटत होते. अशा ठिकाणी मराठी ऐकू येईल असं स्वप्नातही नव्हतं, त्यामुळे हसू आवरायला मी उगाच छत्रीच्या बटणाशी चाळा करत राहिले. दुकानदार त्याला पुन्हा पुन्हा सांगत होता, की थ्री-ओ-एटची काडतुसं फळीवर हवी तेवढी आहेत, टू-सेव्हन्टीची कधी येतील ते कंपनीलाच माहीत नाही. म्हाताऱ्याची रायफल टू-सेव्हन्टीची होती, आणि एका कॅलिबरची, म्हणजे नळीच्या एका मापाची, गोळी दुसऱ्या कॅलिबरच्या रायफलीत चालत नाही.

तो वळला. माझा चेहरा बघून म्हणाला, “कळलं वाटतं तुला. मग हस की. हसायला लायसन लागत नाही.”

ज्यांना भेटायला ऑफिसने मला पाठवलं होतं ते दिनकर सावंत हेच.

मी मँचेस्टरला एमएससी करून जंगल लावणाऱ्या एका संस्थेत नुकतीच लागले होते. काम साधं होतं. लावलेल्या रोपांपैकी किती हरणांनी खाल्ली ते मोजायचं, आणि हिवाळ्यात जी हरणं मारली जातील त्यांची नोंद ठेवायची. मारायचं काम सावंतकाकांकडे होतं. कुडाळकडून तरुणपणी आलेले काका तीस वर्षं हाउन्सलोत राहून विमानतळावर कार्गो चढवत होते. तिथल्याच एका गोऱ्या सहकाऱ्याने त्यांना रायफल धरायला शिकवली. काकू गेल्यावर आणि मुलगी कॅनडाला स्थिरावल्यावर त्यांच्याकडे हे रानच उरलं होतं. पहाटे घरून निघायचे आणि उजाडायच्या आत मचाणावर बसलेले असायचे.

ऑफिसच्या कागदांत ‘मारणे’ हा शब्द कुठेच नव्हता. तिथे सगळं ‘मॅनेजमेंट’ होतं. मी एकदा चुकून काकांसमोर तो शब्द वापरला. त्यांनी मला नुकत्याच पाडलेल्या हरणाजवळ बसवलं, सुरीने पोट उभं चिरलं आणि म्हणाले, “हात घाल.” मी घातला. थंडीत आतून वाफ येत होती. “गरम आहे तोवर कळतं आपण काय केलं ते. थंड झालं की मग मॅनेजमेंट.” त्या दिवशी मी जेवले नाही, पण तो शब्दही पुन्हा वापरला नाही.

मी कमी बोलते. पुण्यात इंग्रजी शाळेत शिकले, घरात मराठी, आणि दोन्हीकडे बोलताना आपण परके आहोत असं वाटायचं, म्हणून गप्प राहायची सवय लागली. काकांना ही सवय फार सोयीची होती. “मचाणावर न्यायला तुझ्यासारखी पोरगी पाहिजे,” ते म्हणायचे. “तुझ्या जागी आधी तो डेव्हिड यायचा. बसला की वेफर्सचं पाकीट फोडायचा.”

पुढे संस्थेने मलाही रायफलीचं सर्टिफिकेट काढायला सांगितलं. अर्जात कॅलिबर लिहावं लागतं. जे लिहाल तेवढीच रायफल, तेवढ्याच गोळ्या. बदल हवा असेल तर पुन्हा पोलिसांकडे अर्ज आणि महिनोन्‌महिने वाट. मी इंटरनेटवर वाचून एक यादी केली होती. टू-फोर-थ्रीचा खांद्याला धक्का कमी, सिक्स-पॉइंट-फाइव्ह लांबवर सरळ जाते, वगैरे. काकांनी यादी वाचलीही नाही.

“कपडे घ्यायला आलीयेस का? दुकानात जा, रायफली बघू नकोस, गोळ्यांची फळी बघ. जिच्यावर धूळ नाही आणि जी रिकामी पण नाही, ती लिही. थ्री-ओ-एट लिही. धक्का बसेल, सवय होईल. गोळी नसली तर तुझी रायफल म्हणजे महागडी काठी.”

मी विचारलं, मग तुम्ही का नाही बदलत?

“बावीस वर्षं आहे ती माझ्याकडे. डोळे मिटून लागते. आता या वयात नव्या सुनेशी जमवून घ्यायचं होय?”

(बदलाचा अर्ज त्यांनी शेवटी केला होता, हे मला त्यांच्या मुलीकडून कळलं. दुसऱ्याच कुणा शेतकऱ्याच्या जमिनीवर हरणं मारण्यासाठी. मंजुरीचं पत्र काका गेल्यानंतर नऊ दिवसांनी आलं.)

त्या हिवाळ्यात त्यांच्या स्वतःच्या गोळ्या संपल्या. ओळखीच्या एका शिकाऱ्याने त्याच्याकडच्या दहा दिल्या. टू-सेव्हन्टीच्याच, पण वेगळ्या कंपनीच्या, जास्त वजनाच्या. गोळी बदलली की रायफल पुन्हा ‘झीरो’ करायची असते. शंभर मीटरवर कागद लावायचा, चार गोळ्या झाडायच्या, त्या कुठे लागतात ते बघून दुर्बिणीचे स्क्रू फिरवायचे. नाहीतर नेम धरतो एकीकडे आणि गोळी जाते दुसरीकडे. हे मला काकांनीच शिकवलं होतं. मी फक्त कागदाचा रोल गाडीत ठेवला का, एवढं विचारलं.

“दहातल्या चार कागदाला घालू? कागद काय रोपं खातो?”

मी गाडीत जाऊन बसले.

जानेवारीतली सकाळ होती. आठच्या सुमाराला फॅलो जातीच्या हरणाची एक मादी ओढ्यापलीकडून मोकळ्यात आली. अंतर फार नव्हतं. काकांनी श्वास सोडला, चाप ओढला. ती पडली नाही. तिने पाठ वर उचलली, कुणी खालून लाथ मारावी तशी, आणि वाकडी पळत झाडीत शिरली. गोळी छातीत लागायची ती पोटात लागली होती. जखमी हरणामागे लगेच धावायचं नसतं, म्हणून आम्ही अर्धा तास मचाणावर बसून राहिलो. काका रायफलीकडे बघत होते, मी माझ्या बुटांकडे.

मग खाली उतरलो. दवावर रक्त कमी होतं आणि हिरवट चोथा जास्त. काट्यांच्या जाळीत ती सापडली. जिवंत होती. आतडं बाहेर येऊन मागे काट्यांत अडकलं होतं, आणि ती उठायला बघे तसं ते आणखी ओढलं जात होतं. काकांनी रायफल उचलली. मला वाटलं, संपलं एकदाचं. त्यांनी ती खाली ठेवली आणि सुरी काढली.

“मागचे पाय धर.”

मी धरले. हरीण ओरडतं हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. ते ओरडणं लहान मुलासारखं नव्हतं, जनावरासारखंही नव्हतं. पत्रा फाटतो तसं होतं. सुरी पहिल्यांदा हाडावर घसरली, दुसऱ्यांदाही. तिचा एक पाय माझ्या हातातून सुटला आणि खूर हनुवटीवर बसला. तोंडात रक्त आलं, माझंच. काका गुडघ्याने तिची मान दाबून, दात आवळून, तिसऱ्यांदा सुरी चालवत होते आणि सारखे म्हणत होते, “झालं, झालं गं बाई, झालं.” व्हायला बराच वेळ लागला. माझे हात कोपरापर्यंत गरम झाले होते.

त्यांनी रायफलीतलं न झाडलेलं काडतूस काढलं आणि जुन्या कंपासपेटीत ठेवलं. “एक वाचली,” म्हणाले. माझ्याकडे बघून नाही.

गाडीत बसल्यावर त्यांनी नोंद सांगितली. “एक गोळी. जागेवर पडली.” मी तसं लिहिलं, शाळेत गिरवून घेतलेल्या सुबक अक्षरात. खरं लिहिलं असतं तर संस्थेने त्यांच्याकडून हे रान काढून घेतलं असतं. मग हा माणूस पहाटे उठून कुठे जाणार होता? घरी आल्यावर मी तासभर आंघोळ केली.

आठ दिवसांनी पुन्हा गेलो. जाताना मी म्हणाले, दुकानात नेमाचे कागद तयार मिळतात म्हणे. “मिळतात,” काका म्हणाले आणि रेडिओ लावला. मचाणावर त्यांनी पेटी उघडली. नऊ होत्या. एक चढवली.

दुसरी एक मादी आली. मागून तिचं गेल्या उन्हाळ्यातलं पिल्लू, बरंच मोठं झालेलं, तरी तिच्या पोटाला खेटून चालणारं. काकांनी गाल रायफलीला लावला. बोट चापाकडे जाताना मला दिसलं. तेवढ्या वेळात मला सगळं आठवलं, पाय सुटला तेव्हाची त्या आधीच्या मादीच्या कातडीखालची थरथरसुद्धा.

मी उभी राहिले. मचाणाची फळी जोरात कुरकुरली. दोन्ही हरणं डोकी वर करून एकदा बघून पळाली.

काकांनी सेफ्टी लावली, बोल्ट मागे ओढला, गोळी काढून तळहातावर धरली.  मग म्हणाले, “इतके महिने मिठाची गुळणी धरून बसलीस. आता थुंक.”

 मी सगळं मराठीतच बोलले.

“तुमच्या नऊ गोळ्या वाचवण्यासाठी मी पुन्हा कुणाचे पाय धरणार नाही, काका. मागच्या मादीचं खरं मी आज ऑफिसात लिहून देणार आहे. रान तुमच्याकडून जाईल, मला माहितीये. तरी लिहिणार आहे.”