बाईंची नजर आणि आमचा आभासी वर्ग

भिया लोक, आज ऑफिसात काय फजिती झाली म्हणून सांगू!

शिक्षकांच्या ट्रेनिंगसाठी आम्ही कॉम्प्युटरवर आभासी वर्ग बनवलाय. त्यातली मुलं दंगा करतात, शिक्षकानं त्यांना आवरायचं. आज टेस्टिंगला महूहून जोशीबाई आल्या. सगळी नोकरी शाळेतच झालेली.

मुलांनी गोंधळ सुरू केला. बाई हाताची घडी घालून नुसत्या बघत राहिल्या.

स्क्रीनवरची पोरं थांबेनात, पण आम्ही सगळे चिडीचूप! मी मोबाईल खिशात टाकला. आमचे बॉस मालवीयजी तोंडात कचोरी तशीच धरून बसले.

निकाल आमच्या कॉम्प्युटरवर आला: "शिक्षिकेने काहीच केले नाही. गुण शून्य."

बाईंनी वळून विचारलं, "किती मिळाले?"

मालवीयजी कचोरी गिळून ताडकन उभे राहिले. "मॅडमजी, मशीन खराब है."

खरं सांगा, तुमची तरी हिंमत झाली असती?