ड्रम येण्याआधी उचललेली सुई

अन्याय माझ्या काकांवर झाला, आणि दोनदा झाला. पहिला, ग्वाल्हेर संस्थान मध्य भारत राज्यात विलीन झालं तेव्हा. फौजांची फेररचना झाली आणि बँडात मोठा ड्रम वाजवणाऱ्या काकांना जागा उरली नाही. दुसरा, गेल्या गणेशोत्सवात, सातव्या दिवशी संध्याकाळी, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये. पहिल्याच्या वेळी मी जन्मलेच नव्हते. दुसऱ्याबद्दल लिहितेय.

माझ्या दादानं दोन मित्रांना घेऊन दिल्लीत एक रेकॉर्ड केली. सायकेडेलिक रॉक, तेही हेवी: जड, संथ, गिटार घोंगावत राहते आणि आपण झोपेत चालतोय असं वाटतं. ड्रमला माणूस मिळेना. काका तेव्हा बाड्यावरच्या बाजारात एका कापडाच्या दुकानात नोकरीला होते. गिऱ्हाईक नसलं की काउंटरवर बोटं चालायची. दादा म्हणाला, "काका, चला." काकांनी मालकाला कुणाच्या तरी लग्नाचं कारण सांगितलं आणि गेले.

प्रती थोड्याच निघाल्या. दिल्लीच्या एका पेपरनं 'गोंगाट' म्हणून निकाल लावला. दादाच्या कॉलेजातल्या पोरांनी मात्र ती झिजेपर्यंत ऐकली. काकांना या दोन्हींचं काही नव्हतं. आपल्या माणसांनी एकदा ऐकावं, एवढंच.

म्हणून मी मंडळाशी भांडून कार्यक्रमात वेळ मिळवला. रेकॉर्डची दुसरी बाजू लावली, कारण काकांचा ड्रम तिथे आहे. ती बाजू गिटारच्या एकाच सुरानं सुरू होते आणि बराच वेळ तोच सूर चालतो. आमचं गाव ख्यालगायकीचं. लोकांना वाटलं, वाद्यं जुळताहेत. शहाण्यासारखी वाट पाहिली. चहा फिरला. मागून कुणी म्हणालं, "भैया, ये तो मिलाते ही जा रहे हैं." सगळे हसले. काका पहिल्या रांगेत, इस्त्रीचा कोट, हात गुडघ्यांवर. ड्रम यायला थोडंच उरलं होतं, तेवढ्यात मंडळाच्या चिटणिसांनी येऊन सुई उचलली.

"जुळलं की सांग, बेटा. तोवर बक्षिसं वाटून घेतो."

मी माईककडे निघाले. काकांनी हात धरला. "राहू दे ग. बसून तर राहिले ना सगळे."

बक्षिसं झाली, लोक चपला शोधायला लागले. तेव्हा मुलींना गाणं शिकवणाऱ्या एक बाई, ज्यांना मी अजून घाबरते, जागेवरूनच म्हणाल्या, "ते जुळवणं नव्हतं. लाव परत, पहिल्यापासून."

थोडे जण थांबले. सूर चालला, चालतच राहिला, आणि मग ड्रम आला, परेडला निघालेल्या पलटणीसारखा, सावकाश. काकांनी मान खाली घातली होती.

शेवटी बाई म्हणाल्या, "फार लांबलंय. गिटारवाल्याला थांबता येत नाही. पण ठोका बसलाय."

कंपू मोहल्ल्यातल्या आमच्या घरापर्यंत काका तेच म्हणत होते. "ठोका बसलाय म्हणाल्या."

मी पत्रकं लिहिते. जाब विचारायची सवय आहे, आभार मानायची नाही. तरी मानते. बाईंचे, थांबलेल्यांचे, थांबून जांभया दिलेल्यांचेही. दादाचे, त्यानं दुकानातून काकांना उचलून नेलं. आणि काकांचे, माझा हात धरल्याबद्दल. मी त्या संध्याकाळी सगळंच उधळलं असतं.

रेकॉर्ड तुम्हाला आवडलीच पाहिजे असं म्हणत नाही. नावडली तर काकांना तोंडावर सांगा, त्यांना चालतं. मागणी एकच आहे: दुसरी बाजू लावा, आणि ड्रम येईपर्यंत सुईला हात लावू नका.