दौरा कार्यक्रम

पस्तीस वर्षं मी लखनौच्या एका सरकारी कार्यालयात साहेबांचे दौरे टाइप केले. प्रस्थान, आगमन, मुक्काम, परत प्रस्थान, सगळं वेळेसकट. माझ्या दौरा कार्यक्रमात कधी एका मिनिटाची चूक नसायची, याचा मला ताठा होता. निवृत्त झालो तरी तो गेला नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काय खोटं आहे?

मुलगी परराष्ट्र सेवेत गेली आणि सतत बॉम्ब फुटणाऱ्या एका देशातल्या आपल्या दूतावासात रुजू झाली. तिथं गाडी बुलेटप्रूफ, रस्ता रोज वेगळा, आणि कुठं जायचं ते आधी चारपाच जणांनाच ठाऊक. हे तिनं मला नीट समजावलं होतं. तरी फोन आला की मी विचारायचोच, "किती वाजता निघणार?" बाप दुसरं काय विचारणार? एकदा कंटाळून तिनं सांगून टाकलं. मंगळवारी सकाळी आठला निघून साडेअकराला लांबच्या एका गावी पोचायचं, आपल्या सरकारच्या मदतीनं बांधलेल्या शाळेचं उद्घाटन करायला, आणि रात्री तिथंच राहायचं.

लखनौत अलीगंजच्या आसपास आमची महाराष्ट्रातून नोकरीसाठी आलेली पंचवीस-तीस बौद्ध कुटुंबं. रविवारी वंदनेला जमतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप आहे. कुणाचं पोर दहावी झालं तरी तिथं दोन दिवस अभिनंदन चालतं. माझ्या वडिलांना गावच्या शाळेत वर्गाबाहेर बसवलं होतं, आणि त्यांची नात परदेशात शाळेची फीत कापणार होती. मला राहवेना. मी झकास दौरा कार्यक्रम टाइप केला. नाव, पद, वार, गाव, प्रस्थान सकाळी आठ, आगमन साडेअकरा, एक मुक्काम. खाली लिहिलं, 'आपल्या समाजाची लेक'. कुणीतरी कौतुकानं तो फेसबुकवर चढवला.

सोमवारी दुपारी तिचा फोन आला.

"बाबा, ये आपने डाला है?"

"हो. का गं?"

"टाइम के साथ? जगह के साथ? बाबा, यार..."

तिनं फोन ठेवला. मी तिथल्या तिथं ग्रुपवरचा मजकूर पुसला, फेसबुकवरचाही काढायला लावला. मूर्ख म्हातारा! आधी पसरवायचं आणि मग पुसत बसायचं.

तिचा दौरा रद्द झाला. शाळेची पुस्तकं तेवढी घेऊन दूतावासातला एक स्थानिक ड्रायव्हर मंगळवारी उशिरानं साध्या गाडीतून एकटा निघाला. वाटेत बॉम्ब फुटला. तो जागीच गेला. तिच्या व्हिडिओ कॉलवर तो कधीकधी मला दिसायचा, छातीवर हात ठेवून सलाम करायचा. त्याला तीन मुलं होती.

चौकशीतून काही निघालं नाही. त्या रस्त्यावर असं होतच असतं, असं तिला सांगण्यात आलं. "आपकी वजह से नहीं हुआ, बाबा," ती म्हणाली, पण फार घाईनं म्हणाली. माझ्यामुळे माणूस मेला असेल, किंवा नसेलही. कधीच कळणार नाही, आणि मला ते सहन होत नाही. ग्रुपमधून मी बाहेर पडलो, वंदनेलाही जात नाही. लोक विचारतात, तब्येत बरी नाही का? मी हो म्हणतो.

जूनमध्ये ती न कळवता सुटीवर आली. चार दिवस घरात नीट हसली-बोलली, माझ्याबरोबर चहाही प्यायली. पाचव्या दिवशी तिच्यासाठी दशहरी आंबे आणायला मी मलिहाबादला गेलो. पेटी घेऊन आलो तर बायको एकटीच ओट्याशी उभी होती.

"गेली ती," बायको म्हणाली. "आधीच ठरलं होतं तिचं. तुम्हाला सांगू नको म्हणाली."

मी पेटी खाली ठेवली. तिची बदली दुसऱ्या देशात झाली आहे, एवढं नंतर मला कळलं. कोणत्या, ते बायकोला माहीत आहे.