साखळ्यांची पेटी

माझे वडील, अण्णा, शाळामास्तर. निवृत्त झाल्यावर कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये बसून त्यांनी एक वही लिहायला घेतली. विषय, इंग्रजांच्या अमदानीतल्या चाकाच्या आगबोटी. पुण्यात समुद्र नाही आणि मुठेत बोट चालेल इतकं पाणी नाही, त्यामुळे शेजारी गालातल्या गालात हसायचे. मीही हसायचे. नुकतीच एका संगणक कंपनीत लागले होते, आणि जग माझ्यापासूनच सुरू होतं असा माझा समज होता.

अण्णांनी मात्र मन लावून लिहिलं. या बोटींना दोन्ही कुशींना मोठाली चाकं असत आणि त्यांच्या फळ्यांनी पाणी मागे लोटत त्या चालत. तळ उथळ, म्हणून भरतीच्या पाण्यावर कोकणच्या खाड्यांतून पार आतपर्यंत जात. टपाल, तांदळाची पोती, पलटणीतले शिपाई, माहेरवाशिणी, सगळं त्यांतूनच. उत्तरेतल्या मोठ्या नद्यांवर इंग्रजांनी याच बोटींनी फौजा आणि अफू वाहिली, हेही अण्णांनी स्पष्ट लिहिलं होतं.

पण वही लिहिली ती एका पानासाठी. माझे आजोबा अशाच एका बोटीवर खलाशी होते. धक्का जवळ आला की सगळे उतारू एकाच बाजूला गर्दी करायचे. बोट कलायची, एक चाक खोल बुडायचं, दुसरं हवेतच फिरायचं आणि बोट भलतीकडे वळायची. म्हणून डेकवर लोखंडी साखळ्यांनी भरलेली, चाकं लावलेली एक पेटी असे. लोक इकडे आले की ती तिकडे ढकलायची. आजोबांचं काम तेवढंच. "हे कुठल्याही पुस्तकात सापडायचं नाही," अण्णा म्हणायचे. "एकदा चार लोकांसमोर सांगायचंय मला."

सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांचं व्याख्यान ठरलं. मी ऑफिसातून प्रोजेक्टर आणला, वहीवरून स्लाइड्स केल्या आणि मोठ्या तोऱ्यात माझ्या मॅनेजरलाही बोलावलं. अमेरिकेला कोणाला पाठवायचं हे त्याच आठवड्यात ठरणार होतं. आजोबांच्या स्लाइडवर 'खलाशी' टाइप केलं आणि थांबले. मॅनेजर वाचेल, म्हणून पुसून 'कप्तान' केलं. पेटीचं पान वगळलं. अण्णा ते तोंडी सांगतील, आणि तोवर मॅनेजर उठून गेलेला असेल, असा माझा हिशेब. स्लाइड्स अण्णांना आधी दाखवल्या नाहीत. वेळ नाही म्हटलं.

पडद्यावर ती स्लाइड आली आणि अण्णा बोलता बोलता थांबले. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक म्हणाले, "अहो मास्तर, आपले तीर्थरूप कप्तान? मग गोरा साहेब काय कोळसा टाकत होता?"

हॉल खो खो हसला. मॅनेजरही हसला. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या शेजारी बसलेल्या मॅनेजरकडे. मी उठून फक्त 'चूक माझी' म्हणायचं होतं. मी प्रोजेक्टरची वायर नीट करत राहिले.

"माझ्याकडूनच वहीत तसं लिहिलं गेलं," अण्णा म्हणाले. "हिनं बिचारीनं वहीबरहुकूम उतरवलं."

"वही वाचायला मिळेल का?" प्राध्यापक.

"उद्या देतो."

अण्णांनी हातातल्या वहीचं पान उलटलं. पेटीबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत.

घरी आल्यावर मी विचारलं, "खरं का नाही सांगितलंत?"

"तुझे साहेब बसले होते ना," म्हणाले आणि जेवायला बसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

मी अमेरिकेला गेले. जिन्यात प्राध्यापक अण्णांना "काय कप्तान!" म्हणून हाक मारायचे, ती पुढे सगळ्या सोसायटीने उचलली. जन्मभर मुलांना "खरं लिहा" म्हणून सांगितलेला माणूस त्या हाकेला मान डोलवायचा. मला ते ऐकवत नसे, पण मी कोणालाच काही सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत अण्णा गेले.

दिवसकार्य झाल्यावर मी वही काढली. म्हटलं, निदान आता सगळी टाइप करून इंटरनेटवर टाकू, पेटीच्या पानासकट. आजोबांचा मजकूर उघडला. अण्णांच्या मोत्यासारख्या अक्षरात 'खलाशी' होतं. त्यावर काट मारून, वर त्याच अक्षरात 'कप्तान' लिहिलं होतं. वही प्राध्यापकांकडे जायची होती ना. आपण सांगितलेलं खोटं उघडं पडू नये म्हणून त्या रात्री त्यांनी स्वतःच्या बापाचं काम स्वतःच्या हाताने खोडलं होतं.

पुढचं पान नव्हतं. शिवणीलगत ब्लेडने सरळ कापून काढलेलं होतं.

पेटी किती जड होती, आजोबांच्या जोडीला दुसरं कोण होतं, ढकलताना ते काय म्हणायचे, सगळं त्या पानावर होतं. अण्णांनी ते मला दोनदा वाचून दाखवलं होतं. दोन्ही वेळा मी कॉम्प्युटरकडे बघत "हं, हं" म्हटलं होतं.