कोयत्याचं झाड

त्या मुलीचा मला इतका मत्सर वाटायचा की ती फळ्याकडे निघाली तरी माझ्या पोटात दुखायचं. बीडला एम.एस्सी.च्या गणिताला आम्ही दोघीच मुली, वसतिगृहात एकाच खोलीत. माझे वडील चौसाळ्याकडचे बागायतदार, शिवाय सहकारी सोसायटीचे चेअरमन. तिचे आईवडील सिरसाळ्याकडचे, ऊसतोड करणारे. त्या वर्षी दुष्काळात आमच्याकडचा ऊस उभ्या उभ्या वाळला, तेव्हा ते आणखी लांबच्या कारखान्यावर गेले होते. पुस्तकं मी विकत घ्यायची, ती मागून न्यायची, आणि समजायची मात्र तिलाच!

आमचे सर संशोधनासाठी हाताखाली एकालाच घेणार होते. ती जागा मला हवी होती. प्रत्येकाने वर्गात एकेक विषय मांडायचा होता, आणि तिने नेमकी पदांची झाडं घेतली. 'क अधिक ख' सारखी कुठलीही मांडणी उलट्या झाडासारखी काढता येते: वर क्रिया, खाली पानं. मग कुठलं झाड घातलेल्या नियमांत बसतं, कुठलं नाही, हे पानांपासून वर वाचत ठरवायचं. माझ्या व्याख्या तोंडपाठ होत्या. तिने सरळ ऊसतोडीची टोळीच काढली. वर मुकादम, त्याखाली कोयते, म्हणजे तोडणारी जोडपी. प्रत्येक कोयत्याखाली दोन पानं: डावं तोडणाऱ्याचं, उजवं मोळी बांधणाऱ्याचं. डाव्या पानावर तिने बाप लिहिला, उजव्यावर आई. शेजारी तिने तेच झाड पानांची अदलाबदल करून काढलं आणि म्हणाली, हे निराळं.

मी उठून उभी राहिले. "सर, चूक आहे. क अधिक ख आणि ख अधिक क एकच. हिने एकच झाड दोनदा मोजलंय." केवढा आनंद झाला होता मला!

चिडली की तिच्या तोंडी गावाकडची भाषा यायची. "एकच कावून गं? बापाची कंबर धरली त्या साली माय तोडत होती अन् बाप बसून मोळ्या बांधत होता. त्यो येगळा कोयता होता. दोन्ही एकच हायेत असा नियम कुणी घातला तरच एक. हितं तसा नियम घातलेलाच न्हाई."

सरांनी नुसती मान डोलावली. चूक माझी होती, आणि तीही पुस्तकाच्या पहिल्या पानावरची. जागा तिला मिळाली. पुढे महिनाभर मी तिच्याशी बोलले नाही. वडिलांच्या शब्दावर वसतिगृहात टँकर यायचा, तेव्हा तिची घागर मागे सरकवून मी माझी आधी भरायची. इतकी खाली उतरले होते मी.

आता मी कॉलेजात तोच विषय शिकवते. दरवर्षी फळ्यावर तीच टोळी काढते, पानांची तशीच अदलाबदल करते. मुलं खूश होतात. हे उदाहरण कुणाचं, ते मी आजवर सांगितलेलं नाही. परवा शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने भीतभीत विचारलं, "मॅडम, तुमचे आईवडील पण तोडायला जायचे का?"

मी "हो" म्हणाले आणि पुढचं झाड काढायला फळ्याकडे वळले.