साखरपुड्यात गिटारीने माझा हात धरला

गिटार शिकवणाऱ्या माणसाचा हात गिटारीतच अडकू शकतो, हे मला मेहुणीच्या साखरपुड्यात कळलं.

मी निगडीत गिटारचे क्लास घेतो. (सासुरवाडीत याला ‘जावई सध्या घरीच असतात’ असं म्हणतात.) त्यामुळे पुनावळ्याच्या त्या हॉलमध्ये सगळ्या पाहुण्यांसमोर वाजवायचं, म्हणजे अब्रूचाच प्रश्न! स्टेजमागच्या खोलीत तारा जुळवताना पिक, म्हणजे तार छेडायची ती प्लास्टिकची चकती, गिटारीच्या भोकातून आत पडली. दुसरी आणलीच नव्हती. तारा सैल करून हात आत घातला. पिक बोटांना लागली. बाहेर काढतो तर मनगटातलं स्टीलचं कडं आतल्या लाकडी पट्टीत अडकलेलं!

“अहो, तुमचं नाव पुकारलं!” बायको धावत आली. “आणि हे काय?”

“हात अडकलाय.”

“मग काढा की!”

“अगं, हौस म्हणून ठेवलाय का आत?”

तिने ओढलं. मी किंचाळलो. सासूबाईंनी तेल मागवलं, तर आचाऱ्याने पाठवलं ते थेट भज्यांच्या कढईतलं, वाफाळतं! “नको, नको!” म्हणत मी खोलीभर पळालो, गिटारही सोबत.

तेवढ्यात सासरे आले. “काय झालं जावईबापू? वाजवाया येत न्हाई व्हय?”

“येतं हो! पण हात...”

“संतोषला बोलवा!”

संतोष म्हणजे माझा मेहुणा. चाकणला फॅब्रिकेशनच्या कामावर. लोखंड कापायचं कटर त्याच्या गाडीच्या डिकीत कायम असतं. ते घेऊनच तो आला.

“दाजी, टेन्शन नाय घ्यायचं राव. लाकूडच तर कापायचंय. हात तेवढा हलवू नका.”

“पण माझा हात आत कुठंय, ते दिसतंय का तुला?”

“अंदाज आहे ना!”

अंदाज! माझी बोटं, पोट भरणारी बोटं, आणि याचा अंदाज! कटर घर्रर्र करत सुरू झालं. बायकोने डोळे मिटले. सासूबाईंनी देवाचं नाव घेतलं. मला दरदरून घाम फुटला. कपाळावर, पाठीवर आणि गिटारीतल्या हातावरसुद्धा. कटर वीतभर अंतरावर आलं आणि मी जीव खाऊन हिसका दिला. घामाने बुळबुळीत झालेला हात कड्यातून सटकन बाहेर!

“सुटला?” संतोष चक्क हिरमुसला.

गिटार उलटी करून हलवली, तेव्हा पिक आणि कडं दोन्ही पडलं. तारा कशाबशा सुरात लावून स्टेजवर गेलो. हात, पाय, हनुवटी, सगळं लटलट कापत होतं. तसंच एक जुनं भावगीत वाजवलं. टाळ्या थांबेनात! नवऱ्या मुलाचे काका, स्वतः सतार वाजवणारे, मुद्दाम भेटायला आले.

“स्वरांत काय कंप होता हो! केवढी साधना!”

सासऱ्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे अभिमानाने पाहिलं.

आता क्लासमधले सगळे ‘सर, तो कंप शिकवा’ म्हणून मागे लागलेत. मी गंभीर चेहऱ्याने सांगतो, “त्याला वर्षं जावी लागतात.” आणि ते गेले की दार लावून स्वतःच प्रयत्न करत बसतो. अजून एकदाही जमलेला नाही!